इंग्रजी विशेषणं नीट वापरायची असतील तर लर्नर्स डिक्शनरी उघडा

"शब्द पाठ आहेत, अर्थही येतो, पण वाक्यात बसवायला गेलं की काहीतरी चुकतं." इंग्रजी शिकणाऱ्या मोठ्या माणसांकडून ही तक्रार मी सतत ऐकते, आणि ती बहुतेक वेळा विशेषणांबद्दलच असते. त्यांना मी एकच गोष्ट वापरायला सांगते, ती म्हणजे लर्नर्स डिक्शनरी. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी कोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, कॉलिन्स कोबिल्ड या चारही घराण्यांचे असे कोश आज इंटरनेटवर फुकट उघडतात. हे परीक्षण या चौघांचं आहे, पण फक्त एका बाजूने: विशेषण समजून घ्यायला त्यांचा किती उपयोग होतो?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. विशेषणाचा अर्थ ही निम्मी माहिती झाली. ते नामाच्या आधी बसतं की नंतर, त्याच्यामागे कुठलं शब्दयोगी ('टू', 'इन', 'फ्रॉम'सारखं प्रिपोझिशन) येतं, त्याला 'व्हेरी' चालतं की नाही, कुठल्या नामाशी त्याची जोडी जमते, ही उरलेली निम्मी. ही दुसरी निम्मी माहिती शब्दागणिक, हवी त्या क्षणी देणारं याहून चांगलं साधन माझ्या पाहण्यात नाही. दुःख एवढंच की ती माहिती जिथे छापलेली असते तिथे कोणी बघतच नाही.

मी अनुवादक आहे. दिवसभर मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत मजकूर नेत असते, आणि नोकरीसाठी इंग्रजी लिहावं लागणाऱ्या काही जणांचे मसुदे तपासून देते. त्यामुळे हे कोश माझ्या फोनवर आणि संगणकावर कायम उघडे असतात. खाली जे लिहिते आहे ते या रोजच्या वापरातून आलेलं आहे.

या कोशांचा जन्मच शिकवण्यातून झाला हे माहीत असलेलं बरं. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला कोश 1942 मध्ये तिथेच पहिल्यांदा निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला. शब्दाचा अर्थ सांगून थांबायचं नाही, तो वाक्यात कसा वागतो तेही सांगायचं, हा विचार तेव्हापासून त्यात आहे. 1978 मध्ये लाँगमनचा कोश आला. त्याने सगळे अर्थ साधारण 2000 सोप्या शब्दांतच सांगायचे असं ठरवलं. 1987 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या चमूने कोबिल्ड आणला. त्यातली उदाहरणं संपादकांनी मनाने रचलेली नव्हती. प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा प्रचंड साठा संगणकावर जमवून त्यातून ती वेचलेली होती. 1995 मध्ये केंब्रिजही या वाटेला आलं. हे सगळं काम शिकणाऱ्याची अडचण समोर ठेवून झालेलं आहे, आणि विशेषणांच्या नोंदी वाचताना ते जाणवतं.

आता एक नोंद जवळून बघू. ऑक्सफर्डच्या लर्नर्स संकेतस्थळावर 'अस्लीप' शोधा. शब्द, उच्चाराची खूण, 'ॲडजेक्टिव्ह' हे लेबल, आणि त्याच्या लगेच पुढे चौकोनी कंसात बारीक अक्षरांत तीन शब्द: 'नॉट बिफोर नाउन'. नामाच्या आधी नको. त्या तीन शब्दांनी एक अख्खा धडा वाचतो. 'द बेबी इज अस्लीप' बरोबर, पण 'ॲन अस्लीप बेबी' असं इंग्रजी बोलणारा माणूस म्हणत नाही. तिथे 'अ स्लीपिंग बेबी' लागतं. खालची उदाहरणं पाहिली की आणखी एक गोष्ट सापडते: गाढ झोपेला 'व्हेरी अस्लीप' होत नाही, 'फास्ट अस्लीप' किंवा 'साउंड अस्लीप' होतं.

हे असं का, याचं कारण शब्दाच्या जन्मात आहे. 'अस्लीप'मधला सुरुवातीचा 'अ' म्हणजे जुन्या इंग्रजीतल्या 'ऑन'चा झिजलेला अवशेष. म्हणजे हा शब्द मुळात 'झोपेत' असा होता. आपणही 'बाळ झोपेत आहे' म्हणतो, पण 'झोपेत बाळ रडलं नाही' यात 'झोपेत' हे बाळाचं विशेषण होत नाही. त्यासाठी 'झोपलेलं बाळ' लागतं. 'अलाइव्ह'ची गोष्टही तीच. म्हणून 'अलाइव्ह ॲनिमल' होत नाही, 'लिव्हिंग' किंवा 'लाइव्ह' घ्यावा लागतो. पण यावरून 'अ'ने सुरू होणारी सगळी विशेषणं नामाआधी चालत नाहीत असा नियम कोणी शिकवला तर तो सोडून द्या. 'अफ्रेड'चा उगम वेगळा आहे, तो एका जुन्या क्रियापदाच्या रूपातून आला, तरी तोही नामाआधी बसत नाही. 'अलोन' म्हणजे मुळात 'ऑल वन', तोही बसत नाही. आणि 'अलर्ट' मात्र खुशाल बसतो: 'ॲन अलर्ट ड्रायव्हर'. अशा ठिकाणी नियमापेक्षा कोशातली खूण भरवशाची, कारण ती त्या एका शब्दापुरती तपासून लिहिलेली असते.

ही जागेची भानगड मराठी वाचकाला परकी नाही. शाळेत आपण अधिविशेषण आणि विधिविशेषण शिकलो आहोत. 'हुशार मुलगी' यात हुशार हे अधिविशेषण, 'मुलगी हुशार आहे' यात तेच विधिविशेषण. मराठीत बहुतेक गुणविशेषणं दोन्ही जागी सुखाने नांदतात, त्यामुळे परीक्षेत दोन गुण मिळवले की आपण ते विसरून जातो. इंग्रजीतही बहुसंख्य विशेषणं अशीच आहेत. पण जी थोडी विशेषणं एकाच जागी बसतात ती रोजच्या वापरातली आहेत. 'मेन', 'फॉर्मर', 'मिअर', 'अटर' ही फक्त आधी येणारी. 'द मेन रीझन' म्हणा, 'धिस रीझन इज मेन' म्हणू नका. त्यांच्यापुढे ऑक्सफर्ड आणि लाँगमन 'ओन्ली बिफोर नाउन' असं लिहितात. केंब्रिज हीच गोष्ट 'बिफोर नाउन' आणि 'आफ्टर व्हर्ब' या खुणांनी सांगतं. कोबिल्डची पद्धत थोडी तांत्रिक आहे, तिथे 'व्ही-लिंक ॲडज' अशी सांकेतिक खूण दिसते. पहिल्यांदा बघणारा बिचकतो. अर्थ इतकाच की हे विशेषण 'बी', 'सीम', 'लुक' अशा जोडणाऱ्या क्रियापदानंतर येतं.

जागा बदलली की अर्थही बदलतो, अशी विशेषणं तर या कोशांची खरी परीक्षा घेतात. आणि इथे ते फार चांगले उतरतात. 'लेट' घ्या. 'हर हजबंड इज लेट' म्हणजे नवरा उशिरा येतोय. 'हर लेट हजबंड' म्हणजे तो आता या जगात नाही. ऑक्सफर्डच्या नोंदीत हा दुसरा अर्थ वेगळ्या क्रमांकाने दिलेला आहे आणि त्याला 'ओन्ली बिफोर नाउन' ही खूण लावलेली आहे. 'इल'चंही तसंच. आजारी या अर्थाने तो सहसा क्रियापदानंतर येतो, 'शी इज इल'. वाईट या अर्थाने तो नामाआधी येतो, 'इल इफेक्ट्स'. एकाच शब्दाच्या दोन अर्थांना दोन वेगळ्या खुणा आहेत. साध्या इंग्रजी-मराठी कोशात आजारी, वाईट, दुष्ट असे अर्थ स्वल्पविराम देऊन एका ओळीत मांडलेले असतात, आणि कुठला कुठे बसवायचा ते वाचणाऱ्याने आपलं आपण ठरवायचं.

माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत सगळ्यात जास्त वेळा सापडणारा शब्द म्हणजे 'कन्सर्न्ड'. अर्जात, तक्रारपत्रात, ईमेलमध्ये 'द कन्सर्न्ड ऑफिसर' हमखास असतो. लिहिणाऱ्याच्या मनात असतं 'संबंधित अधिकारी'. आपल्याकडच्या कार्यालयांत ते चालून जातं, सगळ्यांना कळतं. पण बाहेरच्या देशातल्या वाचकाला त्यातून काळजीत पडलेला अधिकारी दिसतो. कारण नामाच्या आधी आलेला 'कन्सर्न्ड' म्हणजे चिंतित: 'कन्सर्न्ड पेरेंट्स' म्हणजे मुलांच्या काळजीने ग्रासलेले आईबाप. संबंधित म्हणायचं तर तो शब्द नामाच्या मागे जातो, 'द ऑफिसर कन्सर्न्ड'. त्याच नोंदीत पुढे 'अबाउट' आणि 'फॉर' आले की काळजी, 'विथ' आला की विषयाशी संबंध, हेही उदाहरणांतून कळतं. गेल्या वेळी एका बाईंनी मला विचारलं की हे मला इतकी वर्षं कोणी सांगितलं कसं नाही. मी त्यांच्या फोनवर ती नोंद उघडून दिली. त्यांनी ती शांतपणे वरपासून खालपर्यंत वाचली आणि लगेच 'रिस्पॉन्सिबल' शोधला. तिथेही तोच खेळ आहे. 'अ रिस्पॉन्सिबल पर्सन' म्हणजे जबाबदार वृत्तीचा माणूस, आणि 'द पर्सन रिस्पॉन्सिबल' म्हणजे ज्याने हे केलं किंवा ज्याच्याकडे हे काम आहे तो. चौकशी अहवालात या दोहोंची अदलाबदल झाली तर दोषी माणसाचं कौतुक होऊन बसेल.

विशेषणामागे येणारं शब्दयोगी ही दुसरी मोठी सोय. हे कोश ते ठळक अक्षरांत उदाहरणाच्या आधी मांडतात, त्यामुळे शोधावं लागत नाही. मराठीत लग्न कोणाशी तरी होतं, म्हणून हात आपोआप 'मॅरिड विथ' लिहितो. नोंदीत ठळक दिसतं ते 'मॅरिड टू'. 'सीनियर' आणि 'ज्युनियर'पुढे 'दॅन' नाही, 'टू'. 'गुड' पुढे विषय असेल तर 'ॲट', 'इंटरेस्टेड' पुढे 'इन', 'केपेबल' पुढे 'ऑफ'. 'डिफरंट'च्या नोंदीत 'फ्रॉम' सगळीकडे चालतं, ब्रिटिश बोलण्यात 'टू'ही येतं आणि अमेरिकन इंग्रजीत 'दॅन', हेही कोश सांगतात. एकच बरोबर आणि बाकी चूक असा हट्ट न धरता कोण कुठे काय वापरतं ते नोंदवणं, हा या कोशांचा स्वभाव मला मनापासून आवडतो. व्याकरणाच्या पुष्कळ पुस्तकांत तो नसतो.

'एल्डर' आणि 'ओल्डर'बद्दलही दोन वाक्यं. मोठा भाऊ म्हणायला 'माय एल्डर ब्रदर' छान, पण 'ही इज एल्डर दॅन मी' होत नाही, तिथे 'ओल्डर'. कोशात 'एल्डर'पुढे तीच आपली 'ओन्ली बिफोर नाउन' खूण आहे, म्हणजे उत्तर आधीच दिलेलं आहे.

आता एक युक्ती सांगते. 'व्हेरी' कुठल्या विशेषणाला लावायचं आणि कुठल्याला नाही, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. 'व्हेरी टायर्ड' चालतं, 'व्हेरी एक्झॉस्टेड' खटकतं. व्याकरणाची पुस्तकं इथे कमी-जास्त होणारी विशेषणं आणि टोकाची विशेषणं असे गट पाडतात आणि याद्या देतात. याद्या पाठ करण्याऐवजी मी व्याख्या वाचायला सांगते. ऑक्सफर्डमध्ये 'एक्झॉस्टेड'ची व्याख्याच 'व्हेरी टायर्ड' अशी आहे, 'फ्युरियस'ची 'व्हेरी अँग्री', 'इनॉर्मस'ची 'एक्स्ट्रीमली लार्ज'. व्याख्येत 'व्हेरी' किंवा 'एक्स्ट्रीमली' आला असेल तर तो शब्दाच्या पोटात आधीच आहे, वरून पुन्हा लावायची गरज नाही. जोर द्यायचाच असेल तर 'ॲब्सोल्यूटली' लावा. हा पक्का नियम नाही, कारण 'मिझरेबल'च्या व्याख्येतही 'व्हेरी' येतो आणि तरी 'व्हेरी मिझरेबल' लोक सर्रास म्हणतात. पण शंका आली तर पहिली पायरी म्हणून ही युक्ती बऱ्याचदा उपयोगी पडते, आणि व्याख्या लक्ष देऊन वाचायची सवय लागते तो फायदा वेगळाच.

'बोअर्ड' आणि 'बोअरिंग' ही जोडी कोश चांगली सांभाळतात. दोन्हींना स्वतंत्र नोंद आहे. 'आय ॲम बोअरिंग' लिहिणाऱ्याला आपण स्वतःला कंटाळवाणा म्हणतोय हे त्या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की कळतं. इथे कोबिल्डची व्याख्या सगळ्यात प्रभावी. तो व्याख्या पूर्ण वाक्यात देतो, 'तुम्ही असे असाल तर' किंवा 'एखादी गोष्ट अशी असेल तर' या धाटणीने. 'बोअर्ड'च्या व्याख्येत माणूस कर्ता होतो, 'बोअरिंग'च्या व्याख्येत कंटाळा आणणारा माणूस किंवा वस्तू. कोणाला वाटतं आणि कशामुळे वाटतं हा फरक व्याख्येच्या रचनेतूनच समजतो, वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

क्रियापदांच्या नोंदीतही विशेषणांचा धडा दडलेला आहे. ऑक्सफर्डमध्ये 'लुक', 'सीम', 'फील', 'स्मेल' या शब्दांच्या ठरावीक अर्थापुढे 'लिंकिंग व्हर्ब' असं लेबल आणि '+ ॲडज' अशी खूण असते. म्हणजे या क्रियापदानंतर विशेषण घाला. म्हणून 'शी लुक्स ब्यूटिफुल', इथे 'ब्यूटिफुली' नाही. त्यातून 'फ्रेंडली', 'लोनली', 'एल्डर्ली' हे 'ली'ने संपणारे शब्द विशेषणंच आहेत हेही लेबल बघून ठरवता येतं. शेपटीवर विसंबून राहावं लागत नाही.

एका बाबतीत मात्र हे कोश आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाला गोंधळात टाकतात. आपल्या शाळेच्या व्याकरणात 'धिस', 'माय', 'सम', 'व्हिच' हे सगळे ॲडजेक्टिव्हचे प्रकार म्हणून शिकवतात. मराठीतही 'हा मुलगा', 'माझं घर' यातल्या शब्दांना आपण सार्वनामिक विशेषणं म्हणतो, तेव्हा ते सहज पटतं. पण या कोशांत 'धिस' उघडलं तर 'डिटरमायनर' असं लेबल दिसतं. इथे गोंधळून जाऊ नका. 'बिग', 'ओल्ड', 'राउंड' यांची कितीही मोठी रांग एका नामाआधी लागू शकते, पण 'माय धिस हाउस' इंग्रजीत होत नाही. 'धिस', 'माय' यांच्यासाठी रांगेत पुढची एकच जागा असते आणि ती एकालाच मिळते. शिवाय त्यांना 'व्हेरी' लागत नाही. वागणूक वेगळी म्हणून आधुनिक व्याकरणाने त्यांचा वर्ग वेगळा केला. 'माझं हे घर' हे मराठीत इतकं स्वाभाविक आहे की हा फरक आपल्याला मुद्दाम शिकावाच लागतो. 'धिस हाउस ऑफ माइन' अशी वाट इंग्रजी काढतं. कोश लेबल देऊन मोकळे होतात. हे कारण नोंदीत येत नाही, ते व्याकरणाच्या पुस्तकातच शोधावं लागतं.

तसंच विशेषणांच्या क्रमाचं. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार, आणि ती एका कोशाची नाही, कोश या प्रकाराचीच आहे. 'अ ब्यूटिफुल ओल्ड वुडन बॉक्स' म्हणायचं, 'अ वुडन ओल्ड ब्यूटिफुल बॉक्स' नाही. आधी मत, मग आकारमान, वय, आकार, रंग, कुठलं, कशाचं, कशासाठी, असा ढोबळ क्रम आहे. 'ओल्ड' उघडा, 'वुडन' उघडा, दोन्ही नोंदी अचूक असतात, पण दोघं शेजारी आले तर पुढे कोण हे तिथे मिळत नाही. शब्दागणिक मांडणी केली की शब्दांमधल्या नात्याला जागा उरत नाही. केंब्रिजने मात्र आपल्या संकेतस्थळावर कोशाला जोडून व्याकरणाचा स्वतंत्र विभाग ठेवला आहे. तिथे विशेषणांच्या क्रमाचं पान आहे, त्यात दहा गटांचा तक्ता आहे. ते एकदा वाचून ठेवावं. तक्ता पाठ करायला मी कोणाला सांगत नाही. नामाच्या स्वभावाला जे जास्त चिकटलेलं असतं ते नामाच्या जास्त जवळ बसतं, आणि बोलणाऱ्याचं स्वतःचं मत सगळ्यात लांब, एवढं लक्षात ठेवलं तरी बरीच वाक्यं सरळ होतात. पेटी लाकडाची आहे हे कोणी बदलू शकत नाही, ती सुंदर आहे की नाही यावर वाद होऊ शकतो.

अनेकवचनाची गंमतही कोशात शोधून सापडत नाही. मराठीत 'आ'कारान्त विशेषण नामाप्रमाणे बदलतं, चांगला, चांगली, चांगले, आणि सुंदर, हुशार, लाल ही तशीच राहतात. इंग्रजीत सगळीच 'सुंदर'सारखी, कोणीच बदलत नाही. हे कळायला कोश लागत नाही. पण 'टेन मिनिट्स' नामाआधी विशेषणासारखा आला की 'अ टेन-मिनिट वॉक' होतो, 'मिनिट'चा 'स' गळतो. 'अ थ्री-यर-ओल्ड चाइल्ड' पण 'द चाइल्ड इज थ्री यर्स ओल्ड'. 'मिनिट' किंवा 'यर' या नोंदीत अशी उदाहरणं मिळतात, पण त्यामागचा नियम कोणी हात धरून दाखवत नाही. उलट 'द पुअर'सारखं काही असेल तर नोंद व्यवस्थित मिळते. 'पुअर'च्या पानावर 'द पुअर' वेगळा दिलेला आहे, अनेकवचनी म्हणून. म्हणजे क्रियापद 'आर' येणार आणि 'पुअर्स' असं काही नसतं.

जोड्यांबद्दल थोडक्यात. पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग', झोप 'डीप', वेग 'हाय'. हे तर्काने कळत नाही. नामाची नोंद उघडली की त्याला शोभणारी विशेषणं उदाहरणांत दिसतात, आणि ऑक्सफर्ड, लाँगमनमध्ये बऱ्याच नामांसाठी जोड्यांची वेगळी चौकटही असते. इथे विशेषण शोधू नका, नाम शोधा. ही दिशा उलटी वाटते, पण लिहिताना आपल्या हातात नाम आधीच असतं.

मध्यंतरी मी एक व्याकरण शिकवणारं ॲपही वापरून पाहिलं, नाव घेत नाही. त्यात विशेषणांवर भरपूर सराव होता. वाक्य द्यायचं, त्यातलं विशेषण ओळखायचं, बरोबर आलं की हिरवी खूण. पुढच्या पातळीवर दोन विशेषणं ओळखायची. कितीही पातळ्या चढल्या तरी एकही विशेषण स्वतः वाक्यात बसवावं लागलं नाही. 'द अफ्रेड बॉय रॅन' असं वाक्य तिथे बरोबर म्हणून सरावाला दिलेलं होतं. शिकणाऱ्याने ते मनात पक्कं केलं तर नंतर काढायला किती त्रास पडेल याचा विचार करून मला वाईट वाटलं. ओळखता येणं आणि वापरता येणं यांत मोठं अंतर आहे, आणि लोकांचा वेळ त्या अंतराच्या चुकीच्या बाजूला खर्ची पडतो.

चारांतला कुठला घ्यावा? नुकतीच सुरुवात असेल तर लाँगमन, कारण व्याख्या सोप्या शब्दांत असतात आणि एका शब्दाचा अर्थ कळायला दुसरे चार शोधावे लागत नाहीत. नोकरीसाठी लिहिणाऱ्याला ऑक्सफर्ड. जागेच्या खुणा स्पष्ट आहेत आणि शब्द प्राथमिक पातळीचा आहे की प्रगत, हे 'ए वन' ते 'सी वन' या खुणांनी कळतं. व्याकरणही त्याच ठिकाणी वाचायचं असेल तर केंब्रिज. आणि ज्यांना बऱ्यापैकी इंग्रजी येतं पण ते पुस्तकी वाटतं, त्यांनी कोबिल्ड जरूर बघावा. त्याची वाक्यांतली व्याख्या वाचता वाचता कानाला चाल कळते. माझा स्वतःचा हात आधी ऑक्सफर्डकडे जातो, आणि शंका उरली तर मी तीच नोंद कोबिल्डमध्ये पडताळते. दोघांची उदाहरणं एकमेकांना दुजोरा देत असतील तर निश्चिंत होते.

वापरताना एक काळजी घ्या. शोधयंत्रात शब्द टाकला की वरच्या चौकटीत चटकन अर्थ येतो, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. जागेची खूण तिथे बहुधा नसते. थेट कोशाच्या पानावर जा. तिथेही पहिला अर्थ वाचून परत फिरू नका, तुमच्या वाक्यातला अर्थ तिसऱ्या क्रमांकावर असू शकतो आणि खूण त्याच्यापाशीच असेल. मग किमान तीन उदाहरणं मोठ्याने वाचा आणि विशेषण नामाच्या कुठल्या बाजूला आहे तेवढंच बघा. एखाद्या विशेषणाच्या सगळ्या उदाहरणांत ते 'इज' किंवा 'वॉज'नंतरच दिसत असेल, तर खूण नसली तरी ते नामाआधी ठेवण्यापूर्वी दुसऱ्या कोशात बघून घ्या.

सुरुवात करायची असेल तर आज हे पाच शब्द उघडा: 'अलाइव्ह', 'फॉर्मर', 'लेट', 'कन्सर्न्ड', 'प्रेझेंट'. शेवटच्या शब्दात 'द प्रेझेंट मेंबर्स' आणि 'द मेंबर्स प्रेझेंट' यांतला फरक शोधा. सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्यांना तो लगेच लागेल: पहिले म्हणजे सध्याचे सदस्य, दुसरे म्हणजे त्या दिवशी सभेला हजर असलेले.